कसर

ड्रामेनमध्ये नोव्हेंबरात दुपारी साडेतीनलाच दिवस मिटतो.
नदीकाठच्या पाचमजली इमारतीत
वर दंतवैद्य, मध्ये हिशेबनीस,
खाली कुणाचंच नाही असं तळघर.
ओडवार हेस्टनेस बुटांवर निळ्या पिशव्या चढवतो
आणि गुडघ्यांवर येतो.
या धंद्यात माणूस आधी गुडघ्यांनी म्हातारा होतो.

एकशे बारा चिकट सापळे,
प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा, तारीख,
प्रत्येक भिंतीला लागून, कारण ती भिंत धरून चालते.
लांब शेपटीची, राखाडी,
पाण्याविना पोहणारी
चिमटीभर घाई.

हिशेबनिसांच्या गुन्वोर बाई विचारतात, "दमट आहे का आमच्याकडे?"
नाही. हीच तर गोम आहे.
जुन्या जातीला न्हाणीघर लागायचं,
हिला तुमचं कोरडं, बावीस अंशांचं ऑफिस मानवतं.
खोक्यातून आली असेल,
पुठ्ठ्याच्या नागमोडी पोटात बसून,
पावती नसलेला माल.

"खाते काय?"
खळ. धूळ. आपल्या अंगावरून गळलेलं आपण.
उपास घडला तर महिनेच्या महिने काढते.
फायलींच्या पाठीवरच्या चिठ्ठ्यांमागची खळ तिने चाटून नेली.
आता कपाटात एकोणतीस गठ्ठे
आणि जमिनीवर एकोणतीस नावं,
कुणाचं दिवाळं कुठलं, कळायला मार्ग नाही.

"फवारा मारा ना सरळ."
फवारा म्हणजे तुमचं समाधान, बाई.
ती भिंतीत जाऊन बसेल, महिन्याने येईल.
तो सिरिंज काढतो.
मोहरीएवढा थेंब.
हातभर अंतर. पुन्हा थेंब.
सांदीत, बिजागरीमागे,
फरशी नि भिंत जिथे एकमेकींशी बोलत नाहीत तिथे,
कुणी कधी जोडणार नाही असे हजारभर ठिपके.

एक खाऊन मरते. तिला दुसरी खाते. दुसरीला तिसरी.
हे सांगताना त्याचा आवाज खाली येतो,
जणू घरातली गोष्ट आहे.

कागदापेक्षा जुनी आहे ही. भिंतींपेक्षा. फुलांपेक्षाही.
वाढ झाली तरी कात टाकायची थांबत नाही.
नर तिच्यासमोर थरथरतो, मागे सरतो, एक धागा ताणतो.
ओडवारला हे रात्री दोन वाजता
एका शाळेच्या तळघरात, टॉर्चखाली दिसलं होतं.
त्या रात्री त्याने तो कोपरा सोडून दिला.
दुसऱ्या दिवशी जाऊन भरला.

तीन आठवडे नकाशा जुळेना.
तिसऱ्या मजल्यावर सत्तावीस, चौथ्यावर दोन,
मग एकदम पाचव्यावर चाळीस.
मग एका पहाटे सफाईची गाडी त्याच्यापाशी थांबली.
लेतेब्रहान, मूळची अस्माराची, इथे अकरा वर्षं.
तिने ॲप्रनच्या खिशातून वही काढली:
कुठे, कधी, किती.
मागच्या मार्चपासून.
जिन्याखाली. लिफ्टच्या यंत्राजवळ.
खोली शून्य-चौदा, आणि त्याखाली दोन रेघा.
"सांगितलं नाहीस?"
"फॉर्मवर रकाना नाही."

शून्य-चौदात
बुडालेल्या एका वॉलपेपरवाल्याचे नमुने,
छताला टेकलेले चारशे गुंडाळे,
मागे केबलचा उभा बोगदा, थेट पाचव्यापर्यंत.
पहिला गुंडाळा उलगडला
तेव्हा त्यावरचे गुलाब हलले.

जानेवारीत अकरा. फेब्रुवारीत चार.
मार्चमध्ये एक, तीही अर्धीच चिकटलेली, मिशा हलवत.
गुन्वोर बाईंना अहवालात शून्य हवं, भाडेकरार त्यावर अडलाय.
ओडवार लिहितो: एक.
निर्मूलन हा शब्द खोडून वर नियंत्रण लिहितो.
"थोडी कसर राहणारच," म्हणतो,
आणि 'निरीक्षण' असं छापलेल्या रेघेपाशी थांबून
लेतेब्रहानला तिच्या नावाचं स्पेलिंग विचारतो.
ती सांगते. तो चुकतो.
ती पेन घेते.